पाव-डाक्टर

बसा पाव्हने. एवढ्या उन्हात कुठं पळून राह्यले? गाव काही उठून जात नाही. जरा इकडं सरका, तिकून फळी ढिली हाय, बसल्यावर चिमटा घेते. चहा टाकतो. आन एक गोष्ट सांगतो, चहा उकळेलोक आर्धी होईन, बाकीची पिता पिता ऐका. ऐकल्याबिगर मी तुमाले गावात जाऊ देत नाही, काऊन का तुमच्या पिशवीतून जो पावाचा पुडा डोकावून राह्यला न, त्याचीच गोष्ट हाय हे.

उकंडरावले पाहाले आले न? वच्छलाबाईचे मावसभाऊ, चिखलीचे? तोंडावळ्यावरून वळखलं. पायाची बोटं काढली म्हनून उशिरानं कानावर आलं, आन नांदुऱ्याले गाडी बदलता बदलता तुमी पाव घेतला. चुकलं नाही तुमचं काही. आजारी मानसाले पाहाले रिकाम्या हातानं जाते कोनी? पन पुडा ठेवा बाजूले. पहिले ऐका.

आमच्या वरवटात भाऊराव हाय एक. नाल्याच्या तिकडल्या अंगाले बौद्धायची वस्ती हाय, तिथं पहिलंच घर, समोर निंबाचं झाड. बायको पंचफुला. उंच मानूस, जरा वाकलेला, मिशी अशी का चहा प्याला का आर्धा तिच्यातच राहे. सारा जलम त्यानं पाव इकला. आन मानूस असा, का त्याले तुमी इचारलं काय भाऊराव कसं काय, तं म्हनन झकास. पाऊस असो, पंक्चर असो, झकास.

आपलं राज्य नवंनवं झालं होतं तवाची गोष्ट. रेशनात तांबडा गहू येऊ लागला. जहाजातून आलेला. आमची ज्वारी सरकार लेव्हीत, सक्तीनं, उचलून ने, आन कार्डावर आमाले गहू दे, सस्ता. आता आमच्या बायायले गव्हाची सवय कुठं? गहू म्हंजे पोळा नाहीतं दिवाळी. रोज उठून याचं करावं काय, म्हनत. नांदुऱ्याच्या बेकरीवाल्याले बरोबर माहीत होतं काय करावं. त्याले मैदा सरकारी भावानं, साखर सरकारी भावानं. भट्टी जी पेटली थे इझलीच नाही. पाव एवढे निघू लागले का खायले मानसं कमी पडले. मंग त्यानं सायकलवाले शोधले. भाऊराव तवा नांदुऱ्याच्या मालधक्क्यावर पोते उचले. त्याले भेटली पत्र्याची पेटी, आन सायकलच्या हँडलले पितळी घंटी. पहिल्या गाडीनं नांदुऱ्याले जाय, पेटी भरून गाडीच्या टपावर टाके, इथं माह्या टपरीवर उतरे, चहा पे, इथंच ठेवलेल्या सायकलले पेटी बांधे, आन घंटी वाजवत गावोगाव.

पहिल्या दिवशी एक पाव नाही खपला. घंटी वाजली का बाया दारं लावून घेत. एखादी आतूनच म्हने, पुढं जा बाप्पा, आमच्या घरी कोनी दुखत नाही.

तुमाले हसू येऊन राह्यलं. पन आठवून पाहा, तुमच्या चिखलीतही असंच असन तवा. पाव कोन खाये? ताप आलेला मानूस. डाक्टर सुई टोचे आन म्हने, दोन दिवस दूध-पाव द्या. पाव म्हंजे आजाऱ्याचं खाणं. धडधाकट मानसाचं खाणं भाकर. ज्याच्या दारात पाववाल्याची सायकल उभी, त्याच्या घरात खाट पडली असं गाव समजे. म्हनून भाऊरावची घंटी कोनाले आवडे नाही. तो बी शहाना झाला. गावात शिरला का इचारे, कोन दुखून राह्यलं? आन सरळ त्याच्या दारात. लोकायनं त्याचं नाव ठेवलं पाव-डाक्टर.

आता उकंडरावकडं येतो.

उकंडराव आन भाऊराव एका वयाचे. लहानपनी दोघायनं ढोरं चारले, वान नदीच्या डोहात संगं पोहले. पन नदी येगळी आन गाव येगळं. मळ्यात दोघंच असले का भाऊराव त्याले म्हने, अबे उकंड्या. चारचौघात आला का, उकंडराव तुमी. हे कोनी शिकवलं नोतं. हवा बदलली का मानूस जसा शेला सारखा करते, तसं थे आपोआप होये.

एक साली उकंडरावचा बाप तापानं पडला. भाऊराव पाव घेऊन गेला. वच्छलाबाईले तुमी वळखता, कडक बाई. भाऊरावचा हात लागला तं पान्याचा हंडा ओतून देनारी. पन त्या दिवशी समोर आली, आन त्याच्या हातातून सरळ पाव घेतला. वरून टाक म्हनलं नाही, का खाली ठेव म्हनलं नाही. शेजारची जनकाबाई वसरीवर होती. तिनं इचारलं, का वो, हातातून घेतलं? तं वच्छलाबाई म्हने, दवाई हाय थे. दवाईले कोनाचा हात लागत नाही.

भाऊरावनं इथं बसून मले हे सांगतलं. हसला लय. म्हने, भगवंतराव, डाक्टर होयाले लोकं मुंबईले जातात, मी वसरीवर उभ्या उभ्या झालो. मीही हसलो. मंग जरा वेळानं, चहा संपल्यावर, तो म्हने, पन डाक्टरले कोनी जेवाले बसवत नाही राजा, आन डाक्टरच्या घरी कोनी जेवाले जात नाही.

हे त्याच्या मनातलं होतं. दुसरं काही त्याले नको होतं. मी त्याच्या घरी कितीक डाव जेवलो, पन माह्यं काय? टपरीवाल्याले कोन इचारते. माह्या टपरीवर कप सगळ्यायचे एकच, म्हनून काही लोकं आपला पेला घरून आनत, मी त्यायच्या पेल्यात चहा ओतो. भाऊरावले पायजे होता उकंडराव. संगं पोहलेला मानूस एक डाव आपल्या आंगनात मांडी घालून जेवावा, बस. एवढीच त्याची मागनी होती जलमाची.

बरं, तुमच्या जवायानं काय केलं थे ऐका. बाप बरा झाला, उरलेला पाव यानं गोठ्यात बसून चहात बुडवून खाल्ला. लागली चटक. आता मांगावा कसा? धडधाकट मानूस पाव खाते म्हनलं तं लोकं हसतीन. एक दिवस भाऊरावले त्यानं डोळा मारला, आन भाऊरावनं भर दुपारी सायकल त्याच्या दारात लावली. झालं. घंटाभरात आर्धी आळी वसरीवर. कोन दुखून राह्यलं, काय झालं, कधीपासून? वच्छलाबाई चहावर चहा करून थकली. उकंडरावले शरमेनं खरं सांगता येईना. चैताच्या उन्हात अंगावर गोधडी घेऊन पडला बिचारा. जनकाबाईनं कपायाले हात लावला, आन म्हने, माय माय माय, केवढा घाम सुटला पोराले, तापच हाय हा.

तवापासून दर बाजाराच्या दिवशी उकंडरावचं डोकं दुखे. गावाले वाटे, मोठ्या घरचा मोठा आजार. खरं काय थे तिघायले माहीत. एक तो, एक भाऊराव, आन एक मी.

असं हसत-खेळत चाललं होतं. मंग भाऊरावच्या पोरीचं लगन निंघालं. त्यानं स्वता जाऊन उकंडरावले आवतन देल्लं. उकंडराव आला. नाही असं नाही, आला. पोरीले लुगडं आनलं, भारी. मांडवाच्या कडेले उभा राह्यला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. भाऊरावनं निंबाखाली कोरं आसन टाकलं होतं त्याच्यासाठी, सकाळपासून कोनाले बसू देल्लं नोतं त्याच्यावर. म्हने, उकंडराव, दोन घास घ्या.

उकंडराव म्हने, "आताच जेवून उठलो."

हे वाक्य तुमाले माहीत हाय पाव्हने. मलेही माहीत हाय. त्या वाक्यात कोनाले शिवी नसते. त्याच्याशी भांडता येत नाही. ज्याचं पोट भरेल हाय त्याले काय म्हनान? भाऊराव म्हने, हो, हो, बरोबर हाय, ऊन किती झालं. आन आसन त्यानं स्वताच्या हातानं गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर मी इचारलं, काय भाऊराव, कसं झालं लगन? तं म्हने, झकास.

आता मधातली जरा रुक्ष गोष्ट. चहा घ्या, म्हंजे गिळन.

एक साली ग्रामसेवक आला, संगं बियान्याचे पोते. हायब्रेट ज्वारी. बियानं आर्ध्या दामात, खत आर्ध्या दामात, सबसिडी म्हने. पन ज्याच्या वावरात विहीर हाय त्यालेच. उकंडरावले दोन विहिरी, त्यानं गाडी भरून नेलं. भाऊरावचा नाल्याच्या काठाले वावराचा तुकडा होता, विहीर नाही. तो बी गेला होता पोतं घेऊन. ग्रामसेवक म्हने, तुह्यासाठी नाही हे. उकंडराव तिथंच उभा होता, मजाकनं म्हने, अबे भाऊराव, तू पावच ईक.

भाऊराव रिकामं पोतं खांद्यावर टाकून घरी आला. पंचफुलानं माहेराहून आनलेलं गावरान बियानं गाडग्यात राख घालून ठेवलं होतं, थेच पेरलं. दर साली थेच. दुसरं होतं काय?

हायब्रेट पिकली पाव्हने, खोटं कायले बोलू. मानसाच्या कमरेएवढी ज्वारी, पन कनसं ठेचून भरलेले. लोकायच्या कोठ्या भरल्या. उपाशी पोटं भरले त्या ज्वारीनं, सरकारले मी नावं ठेवत नाही. पन तिचा कडबा ढोरं हुंगून सोडत. कापनीत पाऊस लागला का दाना काळा पडे. आन भाकर थापाले बसलं तं पीठ हातातच चिरे. म्हनून मोठ्या शेतकऱ्यानं काय केलं? हायब्रेट बाजारात, आन घरात कार्डाचा गहू, साखर, पाव. ज्याच्यावर सरकारचा हात फिरला थे ताटात आलं, ज्याच्यावर नाही फिरला थे बांधावर गेलं. गावरान ज्वारी आमच्या गावातून कवा गेली थे कोनाले समजलंही नाही. भाकर केली का लेकरं म्हनत, गरिबाचं खाणं कायले केलं?

आन पावाची शरम गेली. कवा गेली, सांगता येत नाही. पहिले लोकं आजारी पडले का पाव खात. मंग पाव खायासाठी आजारी पडू लागले, उकंडरावसारखे. मंग आजाराचं नावच घेईनात. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा-खारी, लेकरायच्या हातात बिस्कीट. भाऊरावची घंटी वाजली का जे दारं बंद होत, थे आता उघडू लागले. धंदा जोरात. पन एक गंमत झाली. पाव दवाई होता तवर लोकं त्याच्या हातातून घेत. खाणं झाला, तं बाया म्हनू लागल्या, वट्ट्यावर ठेव बाप्पा, मंग घेतो. वच्छलाबाईनं तं चौकातल्या दुकानातून आनाले सुरू केलं.

भाऊराव मले म्हने, भगवंतराव, माही डाक्टरकी गेली.

तो स्वता कधी पाव खात नसे. दुपारी इथंच माह्या बाकड्यावर फडकं सोडे. पंचफुलाच्या हाताची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटनी. मी म्हनो, अबे, पेटी भरून टोस्ट हाय तुह्याकडं. तं म्हने, मी कुठं दुखून राह्यलो?

मंग उकंडराव खरंच दुखू लागला.

पहिले तहान. लोट्यावर लोटे पानी. मंग वाळला, पायजमा कमरेवर ठरेना. मंग एक दिवस कडूबा, त्यायचा सालदार, मले हळूच म्हने, मालक जिथं लघवीले बसतात ना गोठ्यामांगं, तिथं मुंगळे लागतात. आमी समजलो काय समजायचं थे. खामगावच्या डाक्टरनं सांगतलं साखरेचा आजार हाय. तेवढ्यात पायाले काटा रुतला, जखम काही भरेना, काळी पडत गेली. शेवटी दोन बोटं काढली. पाय वाचला. डाक्टर म्हने, या डाव बोटं, पुढल्या डाव कुठून कापायचं थे मी सांगत नाही. पाव बंद, टोस्ट बंद, साखर बंद. ज्वारीची भाकर खा, पालेभाजी खा, आन जखम भरली का रोज पायी चाला.

गोष्ट सोपी होती. कोठी ज्वारीनं भरेल होती न? वच्छलाबाईनं हायब्रेट दळून आनली. पन थापता थापता भाकर चिरे. तव्यावर टाकली का तुकडे. जी निंघाली थे वाळल्या शेनीसारखी. उकंडराव घास घोळवे आन थुंके. जिभेले इतके वर्षं पाव लागेल, तिच्या खाली हे उतरते काय? दोन-चार दिवसानं त्यानं चोरून टोस्ट खाल्ला, आन वच्छलाबाईनं पाह्यला. कडूबा सांगे, बाई ओरडली नाही, रडली नाही, चुलीजवळ नुसती बसून राह्यली.

दुसऱ्या दिवशी भाऊराव इथं बसेल होता, तुमी बसले तिथंच. कडूबा आला. हातात पिशवी. म्हने, भाऊराव, मालकीनबाईनं गावरान ज्वारी मांगतली, पायलीभर. दवाईसाठी पायजे म्हने.

भाऊरावनं कप खाली ठेवला.

"दवाई मी लय वर्षं वाहली, कडूबा. आता माह्या घरी दवाई नाही. जेवन हाय. ज्याले जेवाचं त्यानं यावं."

कडूबा रिकामी पिशवी घेऊन गेला. खरं सांगू का, मले बरंही वाटलं आन वाईटही. भाऊराव उठला, घंटी न वाजवता गेला.

हे पंचफुलाले माहीत झालं. संध्याकाळी मी तिकडं गेलो, तं बाई चुलीपुढं, आन हा निंबाखाली तोंड फिरवून. पंचफुला कमी बोलते, पन बोलली का नेम चुकत नाही. भाकर थापता थापता माह्याकडं पाहून त्याले म्हने,

"त्याचा पाय सडून राह्यला, आन तुमी मान धरून बसले. मान तुमचा, भूक त्याची. मोठं काय?"

भाऊराव म्हने, तुले नाही समजत.

"नाही समजत. मले भाकरी समजतात." आन तिनं दोन भाकरी फडक्यात बांधल्या, वर अंबाडीची भाजी, आन फडकं त्याच्या सायकलच्या हँडलले अडकवलं.

गेला. काय करते? वच्छलाबाई दारात आली, फडकं हातातून घेतलं. डोळे भरले होते तिचे म्हने. दवाई आली माय, म्हने. उकंडराव आत खाटेवर, त्यानं भाकर खाल्ली, थुंकली नाही. दुसऱ्या दिवशी फडकं धुऊन घडी करून वापस. असं महिनाभर चाललं असन. रोज दुपारी भाऊरावची सायकल त्या दारात. मी म्हनलं, बरं झालं न भाऊराव, मानसाले आराम पडून राह्यला. तं म्हने, झकास. पुन्हा डाक्टर झालो.

पन त्या झकासात दम नोता.

मंग एक दिवस, दिवाळीच्या जरा अगोदर, मी दूध तापाले ठेवलं होतं. पाहतो तं उकंडराव येऊन राह्यला. पायी. हातात काठी, एका पायात वहान, दुसऱ्याले पट्टी. घरून निंघालेला, एकटा. मले वाटलं चहाले आला. मी बाकडं पुसलं. तो थांबला नाही. मानेनंच रामराम घातला आन नाल्याच्या रस्त्याले लागला. मी गॅसबत्तीसारखा उभाच. मंग म्हनलं, मरो थे दूध, आन त्याच्या मांगं गेलो. उतू गेलं त्या दिवशी दूध, सगळी शेगडी इझली माही, पन गेलो.

भाऊराव आंगनात जेवाले बसेल होता. पंचफुला त्याच्या ताटात भाकर टाकून राह्यली होती. वस्तीतल्या बाया वट्ट्यावर, म्हातारे निंबाखाली, लेकरं. उकंडराव कुंपनाजवळ येऊन उभा राह्यला. दम लागला होता. फडकं तयार होतं बाजूले, त्याच्यासाठी बांधलेलं. भाऊरावनं त्या फडक्याकडं पाह्यलं, याच्याकडं पाह्यलं. आन सगळ्यायदेखत, वस्तीदेखत, माह्यादेखत म्हने,

"जेवतो का बे, उकंड्या?"

उकंडरावचं तोंड उघडलं. जलमाची सवय पाव्हने, जीभ आपोआप चालते. म्हने, "आताच जे..."

आन थांबला.

उकंडरावनं काठी निंबाले टेकवली. एक पाय धड नाही, मांडी घालता येईना, म्हनून भाऊरावनं उठून त्याच्या काखेत हात घातला आन खाली बसवलं, आपल्या शेजारी. पंचफुलानं दुसरं ताट मांडलं. लोटा भरून ठेवला. उकंडरावनं पहिले पानी पेलं, घटघट, आर्धा लोटा. मंग भाकर मोडली. भाजी लावली. खाल्लं. एक भाकर झाली, वर आर्धी झाली. सगळं गाव जसं त्याच्या जबड्याकडं पाहून राह्यलं होतं. मंग त्यानं भाजीवर बोट ठेवून म्हनलं,

"वहिनी, मीठ कमी हाय."

पंचफुला मीठ आनाले आत गेली. भाऊराव खाली पाहून हसू लागला. हसता हसता त्याच्या मिशीतून भाकरीचा चुरा उडाला. मले म्हने, ऐकलं का भगवंतराव? ऐकलं न काय म्हनला? दवाईले कोनी मीठ कमी म्हनत नाही.

तर अशी गोष्ट. वच्छलाबाई चार दिवस तोंड फुगवून होती म्हने. मंग एक दिवस कडूबाच्या हातून लोनच्याची बरनी आली पंचफुलाकडं, भाजीत मीठ कमी असन तं लावून खा म्हना त्यायले, असा निरोप. अजून स्वता आली नाही. येईन. बाईचं मन हाय, त्याले उतरन लागते जरा. उकंडरावनं या साली विहिरीजवळच्या पट्टीत गावरान ज्वारी टाकली, बियानं पंचफुलाच्या गाडग्यातलं. सबसिडी नाही त्याच्यावर. दोन मानूस उंच झाली, पाखरं पाहा जाऊन कशे तुटून पडतात. बोटं काही वापस येनार नाहीत. पन रोज दुपारी तो या रस्त्यानं जाते, काठी टेकवत, आन जाताना मले म्हनते, येतं का बे, भाजी कायची हाय पाहू.

भाऊरावनं पाव सोडला. पेटीत आता पंचफुलाची कोंबडी अंड्यावर बसते. गावात पाव बंद झाला असं समजू नका, चौकातल्या दुकानात ढीग लागेल असते, आन दर महिन्याले एखाद्याच्या घरी मुंगळे निंघाल्याचं ऐकू येते. मी टोस्ट ठेवत नाही टपरीवर, तेवढंच माह्या हातातलं. गिऱ्हाईक शिव्या देते, देऊ द्या.

चहा संपला न? राहू द्या पैसे, पाव्हन्याकडून कोन घेते. पिशवी उचला. पुडा इथं ठेवा फळीवर, कोनाले ताप आला तं देईन मी. आन एक ऐका. आता उन्हं कलायच्या बेताले आले, म्हंजे उकंडराव घरी भेटत नाही तुमाले. वच्छलाबाईच्या दारात जाऊन उभे राह्यले तं फुकट चक्कर होईन. तुमी सरळ नाल्याच्या रस्त्यानं जा, निंबाचं झाड दिसन, पहिलं घर. दोघंही आंगनात असतीन. तुमाले पाहून पंचफुलाबाई उठन, ताट मांडन, इचारनही नाही. तुमी खामगावले पहिली गाडी बदलताना जेवले असान, मले माहीत हाय, तुमच्या तोंडावर दिसून राह्यलं. तरी माह्यं एवढं ऐका, पाव्हने. त्या आंगनात बसा, घासभर का होईना खा, आन आताच जेवून आलो असं तेवढं म्हनू नका.